वजाबाकीची गाडी

१९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शने ‘९११ करेरा आरएस २.७’ मांडली. किंमत ३४,००० मार्क. तिच्या दरपत्रकात एक गंमत होती. आणखी ७०० मार्क मोजले, तर कंपनी गाडीतल्या वस्तू कमी करून देणार होती. मागची सीट गेली. घड्याळ गेलं. जाड गालिचा, दारावरची हात टेकायची पट्टी, आवाज अडवणारे थर, सगळं गेलं. दार उघडायला हँडलऐवजी नुसती पट्टी आली. बॉनेटवरचं पोर्शचं मानचिन्हसुद्धा धातूचं नाही, नुसतं चिकटवलेलं. आणि ज्याला हे सगळं जागच्या जागी हवं असेल, त्याने ७०० ऐवजी २,५०० मार्क भरावेत, अशी दुसरी सोय होती.

एकूण १,५८० गाड्या बनल्या. त्यांपैकी १,३०८ गिऱ्हाइकांनी २,५०० मार्क भरून गालिचा मागून घेतला. ७०० मार्कांची उघडीबोडकी गाडी नेणारे निघाले अवघे २००. उरलेल्या थोड्या बहुतेक थेट शर्यतीसाठीच बांधलेल्या. त्यातही मेख अशी, की शर्यतीच्या नियमांप्रमाणे किमान ५०० गाड्या बनवून त्यांचं वजन अधिकृतपणे नोंदवावं लागे. म्हणून गाड्या आधी उघड्या अंगाने काट्यावर चढत, ९६० किलोंची नोंद होई, आणि मग पुन्हा कारखान्यात जाऊन गालिचे, सीटा, पॅनेलं अंगावर घेत. सजून निघालेली तीच गाडी १,०७५ किलोंची भरे.

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची, तिचं आतलं सामान उतरवायचं, पत्रा उघडा ठेवायचा, दोन बकेट सीट आणि मागे नळ्यांचा पिंजरा बसवायचा, ही हौस आज जगभर आहे. तिचा मूळपुरुष म्हणून याच करेराचं नाव घेतात. पण कुळ त्याहून जुनं आहे. त्याची एक शाखा मद्रासची आहे आणि तिचं पॅरिसच्या प्रदर्शनाशी काही देणंघेणं नाही. जर्मन गिऱ्हाइकाने सामान काढून घेण्याचे जादा पैसे भरले. मद्रासच्या शर्यतवाल्याकडे सामान काढण्यावाचून दुसरा इलाजच नव्हता.

मोटार शर्यतींच्या पहिल्या दिवसांत आतली सजावट हा विषयच नव्हता. इंजिन, चार चाकं, त्यावर उंच ठेवलेल्या दोन खुर्च्या, एक चालकाची आणि एक मेकॅनिकची, एवढाच संसार. वजाबाकी सुरू झाली ती नियमामुळे. गाड्यांचा वेग हाताबाहेर जातोय असं वाटून १९०२ पासून मोठ्या गाड्यांना १,००० किलोंची कमाल मर्यादा घातली गेली. हेतू हा, की वजन आवरलं तर इंजिनही आवरेल. झालं उलटंच. वजनगटात बसण्यासाठी पैलवान आदल्या दिवशी पाणी तोडतो, तशा गाड्या वाळवल्या गेल्या. चासीला भोकं पाडली, लिव्हरना भोकं पाडली, सीटा फळकुटाएवढ्या केल्या, आणि वाचलेलं सगळं वजन अगडबंब इंजिनात घातलं. १९०३ च्या मे महिन्यातली पॅरिस-माद्रिद शर्यत अशाच गाड्यांची होती. पहिल्याच टप्प्यात माणसं मेली, शर्यतपटू मार्सेल रेनॉही त्यांत गेला, आणि बोर्दोला सरकारने शर्यत थांबवली. हलकी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे, हे पहिल्याच फेरीत कळलं होतं.

पुढची कथा सगळ्यांच्या आवडीची. १९३४ मध्ये मर्यादा ७५० किलोंवर आली. मर्सिडीजची नवी गाडी न्यूर्बुर्गरिंगला एक किलो जादा भरली, तेव्हा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउर यांनी रातोरात पांढरा रंग खरवडून काढला, खालचं अ‍ॅल्युमिनियम चमकलं आणि ‘सिल्व्हर अ‍ॅरो’ जन्मल्या, असं नॉयबाउर स्वतः सांगत. इतिहास तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं, की त्या दिवशीच्या शर्यतीला ७५० किलोंची मर्यादा लागूच नव्हती. तरी गोष्ट टिकली. उघड्या पत्र्याला वीरश्रीचं वलय चढलं ते अशाच गोष्टींतून.

शर्यतीतली ही उघडी गाडी रस्त्यावर आणली अमेरिकेने आणि ब्रिटनने. कॅलिफोर्नियातल्या मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर १९३० च्या दशकात पोरं जुन्या फोर्डचे मडगार्ड आणि छत काढून वेग मोजायला जात. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन याने पोर्शच्या मागे लागून ३,००० डॉलरच्या आत बसेल अशी साधी गाडी बनवून घेतली: ठेंगणी काच, पातळ सीटा, दाराला वर-खाली होणाऱ्या काचांऐवजी लावायचे पडदे. ती ३५६ स्पीडस्टर. पुढची काच बोल्ट काढून उतरवता यायची, म्हणजे रविवारी शर्यत आणि सोमवारी कचेरी. १९५७ ची लोटस सेव्हन त्याहून पुढची. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने तीत गाडी म्हणवण्यापुरतंच सामान ठेवलं आणि ती सुट्या भागांत विकली, कारण सुटे भाग घरी जोडणाऱ्याला खरेदीकर लागत नसे. कर वाचवण्याचा हा मार्ग मराठी वाचकाला परका वाटू नये.

आता मद्रास. शहराला गाड्या बांधण्याची सवय जुनी. माउंट रोडवरच्या सिम्प्सन कंपनीचा व्यवसाय १८४० पासूनचा. घोडागाड्या बांधता बांधता तिथल्या सॅम्युएल जॉन ग्रीनने १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटार बनवली. फोर्डनेही १९२० च्या दशकात मुंबई आणि कलकत्त्याबरोबर मद्रासला जुळणी सुरू केली होती. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि त्याच्या शर्यतींना जागा मिळाली शोलावरमची. शहराच्या उत्तरेला, कलकत्त्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी केलेली ही धावपट्टी. लांबलचक सरळ पट्टी, तिला टी आकारात छेदणारी दुसरी, कडेला गवताच्या गासड्या. शर्यतीला मुंबई, कलकत्ता, बंगलोर, कोइंबतूरहून गाड्या येत.

नेमक्या त्याच वर्षी दिल्लीत टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. जे कारखानदार टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवतील त्यांनीच धंद्यात राहावं, असं धोरण ठरलं. फोर्ड गेली. जनरल मोटर्सने शिवडीची जुळणी १९५४ मध्ये बंद केली. परदेशी गाड्यांचा ओघ आटला. संस्थानिकांच्या तबेल्यांत होत्या त्या जग्वार आणि एमजी होत्या, नव्या येईनात. बाजारात उरल्या तीन: कलकत्त्याजवळची अँबॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. शोलावरमला जायचं असेल तर यांतलीच एक घेऊन जायचं. स्पोर्ट्स कार विकत मिळत नव्हती, म्हणून ती घरच्या गाडीतून वजा करून काढावी लागे.

या कामाला स्टँडर्ड हेरॉल्ड सगळ्यांत सोयीची. शहराच्या दक्षिणेला वंडलूर-पेरुंगळत्तूर भागात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात १९६१ पासून ती बनू लागली. मूळ ट्रायम्फ हेरॉल्ड ब्रिटनची, १९५९ ची, आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींचा. त्या काळी बहुतेक मोटारी एकसंध पत्र्याच्या होऊ लागल्या होत्या, तेव्हा हेरॉल्ड मात्र वेगळ्या चासीवर बोल्टने जोडलेल्या तुकड्यांची होती. छत बोल्टवर, मागचा भाग बोल्टवर. बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला कलंडायचं; ते उघडलं की इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन, सगळं उघड्यावर. मेकॅनिक पुढच्या टायरवर बसून कार्ब्युरेटर साफ करू शके. याच चासीला आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. स्पिटफायर भारतात कधी बनली नाही, पण तिची अर्धी हाडं मद्रासला बनत होती. छत उतरवून उघड्या केलेल्या हेरॉल्ड त्या शहरात अजूनही अधूनमधून दिसतात, त्यामागे हे बोल्ट आहेत.

इंजिन मात्र ९४८ सीसीचं, ताकद ३५ अश्वशक्तीच्या आसपास. ती वाढवायची तर दुसरा कार्ब्युरेटर हवा, वेगळा कॅमशाफ्ट हवा, म्हणजे परकीय चलन हवं, म्हणजे परवाना हवा. वजन काढायला परवाना लागत नव्हता. हिशेब सरळ आहे. गाडी ८०० किलोंची आणि चालक ७० किलोंचा धरला, तर एका अश्वशक्तीला ओढावे लागतात सुमारे २५ किलो. मागची सीट, चालकाशेजारची सीट, गालिचे, दाराची पॅनेलं, बंपर, जादा चाक असं करत १०० किलो उतरवले, तर एका अश्वशक्तीच्या वाट्याला २२ किलो येतात. तेवढाच फरक इंजिनातून काढायचा, तर साडेचार अश्वशक्ती वाढवाव्या लागतील. शिवाय ब्रेक लवकर लागतात, टायर कमी झिजतात, आणि हे फायदे इंजिन कितीही फुगवलं तरी मिळत नाहीत. शोलावरमच्या गाडीतला उघडा पत्रा हा शोभेचा नव्हता. स्पॅनर घेऊन दोन माणसं एका दुपारी जेवढं कमवू शकत, तेवढं कमावलेलं होतं.

हीच वजाबाकी कुर्ल्याच्या फियाटवर होई, आणि अवजड अँबॅसडरवरही. १९८२ च्या सुमारास बंगलोरच्या सिपानींची डॉल्फिन आली. ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, ८४८ सीसीची, फायबरग्लास अंगाची. घरगुती गाडी म्हणून लोकांनी तिला नाकं मुरडली, पण मुळातच वजन नसल्याने रॅली आणि शर्यतवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. वर्षभरात मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचा बाजार उठला.

उलट उदाहरणही मद्रासचंच आहे, आणि ते बोलकं आहे. १९८५ मध्ये स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ काढली. अंग रोव्हर एसडी१ चं, म्हणजे ब्रिटनमध्ये साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनासाठी घडवलेलं. आत घातलं स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातलं जुनं दोन लिटरचं इंजिन, ताकद ऐंशी अश्वशक्तीच्या घरात. गुबगुबीत सीटा, भरगच्च डॅशबोर्ड, वातानुकूलन. देशातल्या महागड्या गाड्यांपैकी ती एक होती, आणि ती हलता हलत नसे. तीन-चार वर्षांत ती बंद पडली, कंपनीही मोटारींच्या धंद्यातून उठली. गाडीत काय घालावं यापेक्षा काय घालू नये याचा विचार त्याच शहराच्या उत्तर टोकाला तीस वर्षं चालू होता, तो दक्षिण टोकाला पोचला नाही असं म्हणावं लागतं.

शोलावरमला १९७० आणि ८० च्या दशकांत पैसेवाल्यांची चढाओढही रंगली. गोंडलचे महाराज, विजय मल्ल्या आणि कोइंबतूरचे सुंदरम करिवर्धन हे तिघं एकमेकांचे खंदे प्रतिस्पर्धी. मल्ल्यांनी तर तिथे एनसाइन ही जुनी फॉर्म्युला वन गाडी पळवली. करिवर्धन गिरणीमालक घराण्यातले, पण गडी गॅरेजमध्ये रमणारा. आयात गाडी आणणं त्यांना परवडत होतं. बाकीच्या पोरांना परवडत नाही, याचा विचार त्यांनी केला. १९८८ मध्ये त्यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन एकाच माणसाच्या उघड्या गाडीत बसवलं. नळ्यांची चौकट, एक सीट, एक इंजिन, चार उघडी चाकं. फॉर्म्युला मारुती म्हणून ती ओळखली गेली. मारुती ८०० मधून काय काय काढता येईल, या प्रश्नाचं ते शेवटचं उत्तर होतं: इंजिन सोडून सगळं. नारायण कार्तिकेयन याच वर्गातून पुढे आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचला. करिवर्धन यांना ते पाहायला मिळालं नाही. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले.

१९९० मध्ये क्लबने स्वतःचा ट्रॅक उभा केला, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला, बंगलोर रस्त्यावर. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. धावपट्टीवरच्या सरळ रेघांऐवजी खरी वळणं आली, आणि वळणांवर हलक्या गाडीचं माप पुरेपूर कळतं. त्याच दशकात चेन्नईच्या आसपास नव्या गाड्याही बनू लागल्या. तिरुवल्लूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातून १९९८ पासून मित्सुबिशी लान्सर, मरैमलै नगरला फोर्डची आयकॉन १९९९ पासून. जोडीला, बाहेरून येणारी मारुतीची एस्टीम. आज ‘जुनी स्पोर्ट्स कार’ म्हणून चेन्नईचा हौशी माणूस जी उतरवायला घेतो, ती बहुधा यांतलीच एक असते, किंवा मग २००० च्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची. करेरा आरएस मनात असते. पण तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी परदेशातून आणायला आपल्याकडे बरीच वर्षं बंदी होती, त्यामुळे मनातलं मनातच राहिलं.

सामान मिळतं दोन ठिकाणी. जनरल पॅटर्स रोडवर, ज्याला सगळे जीपी रोड म्हणतात, नवं: सीट कव्हर, स्टिअरिंग, पेडल, दिवे. एग्मोरजवळच्या पुदुपेटला जुनं. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, गिअरबॉक्स, सीटा, डॅशबोर्ड तिथे गल्लीगल्लीत रचून ठेवलेले असतात. मजा अशी, की काढलेलं सामान जिथे विकलं जातं तिथेच बसवायचं सामानही मिळतं. एकाची वजाबाकी दुसऱ्याची बेरीज.

बसवायच्या वस्तूंनाही कुळं आहेत. बकेट सीटवर जे रेकारो नाव दिसतं ते १९६३ चं. त्याआधी ती श्टुटगार्टची रॉयटर ही गाड्यांची अंगं बांधणारी कंपनी होती, आणि पोर्शची अंगंही ती बांधत असे. अंगं बांधण्याचा कारखाना पोर्शने विकत घेतला, तेव्हा उरलेल्या कंपनीने सीटा बनवायला घेतल्या. मोमोचं छोटं जाड स्टिअरिंग इटलीच्या जानपिएरो मोरेत्ती या शर्यतपटूने स्वतःसाठी बनवून घेतलेलं. ते जॉन सर्टीझने फेरारीत लावलं आणि १९६४ मध्ये तो जगज्जेता झाला. जीपी रोडवर या नावांची हुबेहूब नक्कल मिळते. नकली स्टिअरिंगने फार तर हात दुखतील. नकली सीटची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे.

गाडी उतरवण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं. सीट, गालिचा, पॅनेलं हे क्लिपांवर आणि बोल्टवर असतं, ते तासाभरात निघतं. खरी खुन्नस काढतो तो त्याखालचा डांबरी थर. पत्र्याचा घणघणाट मारायला कारखान्यात तो भाजून चिकटवलेला असतो, आणि मध्यम गाडीत त्याचं वजन दहा-पंधरा किलो सहज भरतं. पटाशीने तो खरवडायला जावं तर पत्रा ओरबाडतो आणि माणूस दिवसभर घामाघूम होतो. जाणता गॅरेजवाला कोरडा बर्फ आणतो. उणे ७८ अंशांचे ते तुकडे थरावर पसरायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. गारठ्याने डांबर काचेसारखं ठिसूळ होतं आणि लाकडी हातोडीच्या एका टोल्यासरशी तडतड फुटून सुटं होतं. दारं सताड उघडी ठेवावी लागतात, कारण त्या बर्फाचा वायू बंद गाडीत जीव घुसमटवतो. चेन्नईच्या मे महिन्यात हे काम पहाटे करतात. दहा वाजले की बर्फ आपलं काम करण्याआधीच उडून जातो.

मग खालचा पत्रा ताबडतोब रंगवायचा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एक पावसाळा काढत नाही, आणि चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आतून पांढरा किंवा फिकट राखाडी रंग देण्याची पद्धत शर्यतीतून आलेली आहे: तेल गळलं, तडा गेला, तर चटकन दिसतं.

यानंतर गाडी सुरू केली, की करेराच्या १,३०८ गिऱ्हाइकांनी २,५०० मार्क कशाला भरले ते उमगतं. गिअरबॉक्सची कण्हकण्ह, टायरखालचा प्रत्येक खडा, डिफरन्शिअलचा सूर, सगळं थेट कानात. इंजिनाची धग पायांवर. वातानुकूलन काढलेलं असेल तर अण्णा सालैवरच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता उभं राहणं ही शिक्षा आहे. वीसेक मिनिटांच्या शर्यतीसाठी जे सोसायचं, ते रोजच्या प्रवासात सोसायला भाविकाची श्रद्धा हवी.

हे सगळं निव्वळ हौस म्हणून सोडून देता आलं असतं. पिंजऱ्याची गोष्ट मात्र तशी सोडता येत नाही. शर्यतीच्या गाडीतून सामान निघालं तसं त्यात काही आलंही, आणि ते माणसं मेल्यावर आलं. फॉर्म्युला वनमध्ये डोक्यामागची कमान १९६१ मध्ये आणि सीटबेल्ट १९७२ मध्ये सक्तीचा झाला. आजच्या नियमांत पिंजऱ्याची मुख्य कमान बिनजोड, थंड ओढलेल्या पोलादी नळीची लागते: ४५ मिलिमीटर व्यासाला अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० ला दोन. सीटही मुदतीची असते. ‘८८५५-१९९९’ हा मानक क्रमांक असलेली सीट बनल्यापासून पाच वर्षांनी बाद होते, दिसायला कोरी असली तरी. या पिंजऱ्याने उतरवलेल्या शंभरातले तीस-चाळीस किलो परत येतात. शर्यतवाला ते बिनतक्रार परत घेतो.

रस्त्यावरच्या गाडीत यांतलं अर्धंच उचललं जातं. फर्निचरच्या नळीचा पिंजरा, तोही मागच्या सीटच्या जागी दिसण्यापुरता. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि सहा पट्ट्यांनी तो सीटला आवळलेला असतो. रस्त्यावर दोन्ही नसतात, त्यामुळे साध्या धडकेतही डोकं आपटतं ते नेमकं त्या पोलादी नळीवर. नकली बकेट सीटची पाठ फायबरची, ती मागून धडक बसली की मोडते. कंपनीच्या ज्या सीटला ‘बोजड’ म्हणून पुदुपेटला पाठवलं, ती निदान चाचणीतून गेलेली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते असतं आणि मोजावंही लागतं.

कायद्याची बाजू तर स्पष्टच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मालकाला परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बदल मोजून दंड लागतो, हे लक्षात घेतलं तर पूर्ण उतरवलेल्या गाडीचा हिशेब भलताच होतो. ट्रॅकवर मात्र हा प्रश्न येत नाही. तिथे गाडी ट्रेलरवर जाते आणि ट्रेलरवर परत येते.

ज्यांना कारखान्यातूनच उघडी गाडी हवी होती, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक जागा होती, हे फार जणांना ठाऊक नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत ग्विडो आणि शमा बोटे या दांपत्याच्या चिंकारा मोटर्सने २००० नंतरच्या दशकात रोडस्टर १.८ एस बनवली, थेट लोटस सेव्हनच्या वळणाची. फायबरग्लासचं अंग, इसुझूचं १.८ लिटरचं ११५ अश्वशक्तीचं इंजिन, आत सांगण्यासारखं काही नाही. चॅपमनच्या १९५७ च्या कल्पनेची नात अलिबागच्या लाल मातीत रांगली, तीही बंदीच्या काळातल्या मद्रासकरांना जे मिळालं नाही ते घेऊन: तिच्यातून काढायचं काही उरलंच नव्हतं.

चेन्नईत असाल आणि ही वजाबाकी खरी कशी दिसते ते पाहायचं असेल, तर इरुंगाट्टुकोट्टैला शर्यतीच्या शनिवार-रविवारी जावं. आणि स्वतःच्या जुन्या गाडीवर हात चालवायची ऊर्मी आलीच, तर पहिला पैसा मानक सीट, पट्टे आणि पिंजऱ्यावर खर्च करावा, गालिचाला हात शेवटी लावावा. काढलेली मूळ सीट, पॅनेलं, गालिचा पुदुपेटला विकू नयेत. कोरड्या खोलीत, नावं लिहून, गुंडाळून ठेवावीत. हेरॉल्ड बनवणारा कारखाना कधीच बंद झाला, लान्सर आणि आयकॉनही आता बनत नाहीत, आणि त्यांची धड पॅनेलं मिळणं वर्षागणिक अवघड होत चाललं आहे.